ओतकूरची शीव

सहादूला ओतकूर तोंडपाठ होतं. माळेखेडं नव्हतं.

माळेखेड्यात तो जन्मला, लढाईची वर्षं सोडता ऐंशी वर्षं तिथंच जगला, पण पाटीलगल्लीतलं पाणी कुठून कुठं वाहतं, मारुतीच्या देवळाला पायऱ्या किती, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याचं माळेखेडं म्हणजे बाहेरचं माळेखेडं. बाप गावचा महार, आजा गावचा महार, आणि गावाची शीव राखणं हे महाराचं काम. कुठल्या बांधाला कुठला दगड, कुठल्या ओढ्याला कुठलं गाव संपतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. आतलं गाव त्याच्या कामाचं नव्हतं आणि हक्काचंही नव्हतं. कायद्यानं बंदी उठली त्याला जमाना लोटला होता. पण कायद्यानं बंदी उठणं आणि कोणी 'ये बाबा आत' म्हणणं यात फरक असतो. आणि न बोलावता जाणाऱ्यातला सहादू नव्हता.

ओतकूर मात्र आतून पाठ. ओतकूर म्हणजे फ्रान्समधलं साठ-सत्तर घरांचं एक खेडं. पहिल्या लढाईच्या वेळी सहादू देवळालीच्या छावणीत घोड्यांचा मोतद्दार होता. एकोणिसाव्या वर्षी साहेबांचे घोडे बोटीवर चढवता चढवता तोही चढला, आणि उतरला तो फ्रान्सात. त्याच्याबरोबर नांदगावकडचा जयराम होता, तोही मोतद्दार आणि तोही महारच. लढाई पुढं सात-आठ कोसांवर चालू असायची आणि मागं ह्या गावात घोड्यांचे तळ. दोन हिवाळे सहादू तिथं राहिला. गावचे लोक घोड्यांशी बोलायचे ती भाषा त्याला आधी कळू लागली, मग माणसांचीही थोडी थोडी.

बौद्धवाड्यातल्या लिंबाखालच्या पारावर बसून तो ओतकूर सांगायचा. गाव उतारावर. वरच्या अंगाला माती पांढरी, चुन्यासारखी, खालच्या अंगाला ओली आणि काळी, तिथं बीट पिकतं. खाली एक लहान नदी, आपल्या गोदावरीच्या मानानं पाटच, तिच्या दोन्ही काठांना सरळसोट उंच झाडं. घरं लाल विटांची आणि कोठारं रस्त्याच्या कडेला. गावात मधोमध एक तळं, तिथं घोडी पाणी पितात. एकच विहीर, दीडशे हात खोल, तिला चाक, आणि त्या चाकाला सगळ्या गावानं हात लावायचा. सहादू इथं थांबायचा आणि आपला उजवा हात वर करून दाखवायचा. ह्या हातानं ओढलंय, म्हणायचा. मग पुढचं. सफरचंदाच्या बागा किती, बेकरी कुठं, लोहार कुठं. गावाचा इतिहासही त्याला ठाऊक होता. देऊळ कुठल्या राजानं बांधलं, आधीच्या एका लढाईत जर्मन शिपाई आले तेव्हा देवळाची घंटा लोकांनी तळ्यात कशी बुडवली, ती तीन वर्षांनी बैल लावून कशी काढली. हे सगळं त्याला तिथल्या पाटलानं सांगितलं होतं. मेर म्हणतात तिकडं पाटलाला.

इथपर्यंत लोक ऐकून घ्यायचे. मग सहादू सांगायचा की देवळाला लागून, गावाच्या अगदी पोटात, त्यांचा मसणवटा आहे, आणि लोक हसायला लागायचे. गावाच्या मधोमध कोणी मसणवटा ठेवतं का? म्हातारा ठोकून देतो, म्हणायचे. सायखेड्याच्या शाळेतल्या एका मास्तरनं मोठा नकाशा उघडून पाहिला, त्यात ओतकूर नव्हतं. झालं. त्या दिवसापासून कोणी मोठी थाप मारली की गावात म्हणायचे, हा ओतकूरहून आला वाटतं.

सहादूच्या डोक्यात तिडीक जायची. त्या मसणवट्यात, देवळाच्या भिंतीपासून चौथ्या ओळीत, जयराम होता. दुसऱ्या हिवाळ्यात तो छातीत कफ भरून गेला. पलटणीनं विचारलं, ह्याचं काय करायचं, तर मेर म्हणाला, आमच्या घोड्यांच्या तळ्यावर दोन वर्षं राबला, आमच्या गावचाच झाला. त्यानं आपल्या आईच्या शेजारची जागा दिली. गावाच्या पोटात. सहादूनं स्वतः माती लोटली होती.

आणि माळेखेड्यात? माळेखेड्यात बौद्धवाड्याचा मसणवटा नदीकाठी एका कोपऱ्यात होता तो एकोणसत्तरच्या पुरानं खरवडून नेला. पूर ओसरला तेव्हा शिवेवरचे दगडही गेलेले, आणि त्यांच्या जागी नदीनं टाकलेली छातीभर गाळाची मळई. असली जमीन की काडी रोवावी तर फुटावी. सरपंच सावळीराम पाटलानं दुसऱ्याच वर्षी तिच्यात कांदा लावला. मेलेली माणसं कुठं न्यायची म्हणून बौद्धवाड्यातले लोक त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं ओट्यावरून न उठता बोट दाखवलं. मळईच्या पार टोकाला, तिकडं, बाभळीच्या अलीकडं जाळत जा.

ती जागा माळेखेड्याची नव्हतीच. शिवेपलीकडं चाळीस पावलं, शेजारच्या चिंचवण गावात पडत होती. दुसऱ्याच्या घरातलं दान करायला सावळीराम पाटलाचं काय जात होतं? सहादूला हे पहिल्या दिवशीच कळलं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्र्याहत्तर साली त्याची बायको गोजराबाई गेली, तिलाही तिथंच जाळलं. बायको जळत असताना शीव काढत बसायला त्याचं काळीज झालं नाही.

विचारायची वेळ सत्त्याहत्तर साली आली. चिंचवणच्या केरू पाटलानं दावा लावला, मळई आमची, तुमचा कांदा आमच्या शिवेत आहे. निफाडहून मोजणीदार यायचा ठरला. मोजणीदाराचं म्हणणं एवढंच, की मला एक तरी जुनी खूण पक्की दाखवा, मग तिथून साखळी धरून मी तुम्हाला सगळी शीव काढून देतो. आणि खूण सांगणारा माणूस दोन्ही गावांत एकच उरला होता. केरू पाटील भर पंचात म्हणाला, सहादू दाखवील ती जागा आम्हाला कबूल. पण रिवाजाप्रमाणं. म्हणजे खांद्यावर घोंगडी, डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ, आणि महारानं पुढं अनवाणी चालायचं, गावानं मागं. डोक्यावर ढेकूळ घेऊन जो खोटं बोलेल तो वर्षाच्या आत मातीत जातो, असं मानतात.

म्हणून सावळीराम पाटील बौद्धवाड्यात आला. जन्मात पहिल्यांदा. सहादूला तो लहानपणापासून सहाद्या म्हणायचा, त्या दिवशी बाबा म्हणाला. लिंबाखाली बसला, पण नुसता टेकला, खोडाला पाठ लावली नाही. सहादूच्या सुनेनं, लताबाईनं, चहा पुढं केला तो त्यानं आत्ताच घेऊन आलो म्हणून परत सारला. सहादूनं ते पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सरपंचाचं म्हणणं सरळ होतं. खूण बाभळीपाशी दाखवा. बाभळीपाशी खूण निघाली म्हणजे मळई माळेखेड्याची, त्यातली तुमची जाळायची जागाही माळेखेड्याची. ते दोन गुंठे तुमच्या मसणवट्याला लावून देण्याचा ग्रामपंचायतीचा ठराव मी लिहूनच आणलाय, खूण निघाली की सही. नाही निघाली तर जागा चिंचवणला जाईल, आणि केरू पाटील तुमचं मढं शिवेत येऊ देतो का ते बघा. घोंगडी मी देतो नवीन.

सहादूनं छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्या दिवशी घरातली घुंगराची काठी त्यानं स्वतः मोडून चुलीत घातली आणि कानाला खडा लावला. मेलेलं जनावर ओढणार नाही, दवंडी देणार नाही, शीव चालणार नाही. एकवीस वर्षं तो शब्द त्यानं पाळला. आपल्या मुलालाही, जो नाशिकरोडला कामाला होता, त्यानं शिवेची एकही खूण सांगितली नाही. ही विद्या माझ्याबरोबर जळू दे, म्हणायचा.

तो सरपंचाला म्हणाला, "पाटील, शीव सांगायला माझं तोंड चालतं. त्याच तोंडाला पाणी मात्र तुम्ही वरून ओतत आलात. आता ढेकूळ ठेवायला डोकंबी माझंच पायजे?"

सरपंच ठरावाचा कागद मांडीवर सरळ करत राहिला.

मग सहादूनं आपल्या अटी सांगितल्या. येईन. पण ओतकूरला शीव दाखवली तसा येईन. घोंगडी नाही, ढेकूळ नाही, डोक्याला पांढरा फेटा. पायात वहाणा. तुम्ही मागं नाही, माझ्या बाजूनं चालायचं, खांद्याला खांदा. आणि निघायचं ते मारुतीच्या पायरीवरून. शीव गावाच्या मध्यापासून काढतात, ओतकूरला देवळाच्या दारापासून काढली होती. पायरीवर उभं राहून नजर लावल्याशिवाय मला खूण सापडणार नाही.

हे शेवटचं म्हणणं खोटं होतं. खूण बाहेरून, कळसाकडं बघूनही काढता आली असती, त्याचा बाप आयुष्यभर तशीच काढायचा. पण ते त्यानं सांगितलं नाही. कायम खरं बोलण्याचा मक्ता काय त्यानं एकट्यानं घेतला होता?

सरपंचानं ओठ चावले, दोन दिवस मागितले, आणि शेवटी अटी कबूल केल्या. केरू पाटलाकडूनही ढेकळाचा हट्ट सोडवून आणला. ऐंशी वर्षांचा म्हातारा दोन गुंठ्यांसाठी देवळाची पायरी मागतोय, मागू दे. कांदा तयार झाला होता.

खरं भांडण घरात झालं. लताबाई सायखेड्याच्या शाळेत मास्तरीण होती, वर्गात तिच्या समोर पाटलांची पोरं उठून उभी राहायची, आणि सासऱ्याचा तिला अभिमान होता. पण तिनं त्याचं तोंड वाचलं. ती म्हणाली, मामा, तुम्ही बाभूळ दाखवणार नाही आहात. तो म्हणाला, खूण बाभळीपाशी नाही. ती भाकरी थापता थापता थांबली. मग तिनं सगळं बाहेर काढलं. खरं-खोटं ह्यांच्या गावाचं, आपल्याला काय त्याचं? ह्या गावानं आपल्याशी कधी खरं केलं? पिढ्यान् पिढ्या ह्यांच्या शिवा राखल्या आणि आपल्याला मेल्यावर साडेतीन हात नाहीत. सासूबाईंची राख त्या जागेत आहे. तुमच्या खरेपणापायी ती जागा गेली तर वाड्यातली माणसं तुम्हाला दारात उभं करणार नाहीत, आणि मीही त्यांना बोल लावणार नाही.

तिचं खोटं नव्हतं, म्हणूनच सहादू जास्त चिडला. त्यानं काठी आपटली. त्यानं तिला ओतकूरची ती गोष्ट सांगितली, जी तो पारावर कधी सांगत नसे.

दुसऱ्या हिवाळ्यात ते ओतकूरला परतले तेव्हा अर्धं गाव तोफांनी पाडलेलं होतं. शेतं फाटून गेलेली, बांधाचे दगड नाहीसे. शेजारच्या गावाशी आणि एकमेकांत लोकांची भांडणं लागली. सहादूला आधीच्या हिवाळ्यापासून तिथला दगड न् दगड माहीत झाला होता. मुद्दाम नाही, सवय होती, घोडी फिरवता फिरवता नजर दगडांवर जायची. त्यानं मेरला सांगितलं, दगड गेला तरी खालची खूण जात नाही. आमच्याकडं दगडाखाली कोळसा पुरतात, माती सगळं खाते पण कोळसा खात नाही. मेर त्याच्याकडं बघतच राहिला. तो म्हणाला, आमच्याकडं कौल फोडून त्याचे तुकडे पुरतात, काढून जुळवले की पुन्हा अख्खं कौल होतं. मग तो पाटील आणि हा मोतद्दार, दोघं देवळाच्या दारापासून निघाले, खांद्याला खांदा. सहादू दाखवायचा, मेर स्वतः खणायचा. सात ठिकाणी कौल निघालं. सातवं निघालं ते खुद्द मेरच्या बिटाच्या शेतात, आतमध्ये तीन हात. त्याच्या बापानं कधीतरी वरचा दगड सरकवला होता.

"मग?" लताबाईनं विचारलं.

"मग काय. टोपी काढली त्यानं. तीन हात सोडले आन् वहीत लिवून घेतलं. खाली माझं नाव लिवलं, शीव दाखवणारा म्हणून. म्हार म्हणून नाय. सहादू, एवढंच." तो थांबला. "पोरी, त्या गावात मी एकदाच माणूस म्हणून शीव दावली. ह्या गावात एकदाच दावणार हाय. ती खोटी दावू?"

लताबाईची भाकरी तव्यावर करपली होती, ती तिनं तशीच उलटली. तिचा राग गेला नव्हता.

मोजणीच्या सकाळी सहादू फेटा बांधून निघाला. गावकुसापाशी सरपंच उभा होता, कबूल केल्याप्रमाणं बाजूला आला, पण खांद्याला खांदा लागणार नाही इतकं अंतर ठेवून. आत शिरल्यावर पहिल्याच तिठ्यावर सहादू थांबला. देवळाकडं कुठल्या गल्लीनं जायचं ते त्याला माहीत नव्हतं. ज्या गावाची शीव तो डोळे मिटून चालला असता, त्या गावात त्याला वाट विचारावी लागली. "डावीकडं," सरपंच म्हणाला, आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. सहादू डावीकडं वळला. दारादारांत बाया उभ्या होत्या. बघत होत्या.

मारुतीला सात पायऱ्या होत्या. ऐंशी वर्षांनी कळलं. तो सगळ्या चढला आणि वरच्या पायरीवर उभं राहून त्यानं नदीकडं नजर लावली. समोर सरपंचाच्या नव्या माडीची भिंत होती, नदीचा ठिपकाही दिसत नव्हता. तरी तो हात डोळ्यांवर धरून बराच वेळ उभा राहिला. सगळं गाव खाली ताटकळत उभं होतं. त्याला घाई नव्हती.

मळईत दोन्ही गावं जमली होती. मोजणीदार गोरक्ष शेजवळ टेबल मांडून बसला होता, बौद्धवाड्यातली माणसं एका कडेला, त्यांच्यात लताबाई. सहादू कांद्यात शिरला. पाठीमागं वळून त्यानं मारुतीचा कळस वडाच्या शेंड्यावर आणला, उजवीकडं बघून चांदवडच्या डोंगरातली खिंड चिंचवणच्या चिंचेच्या बरोबर माथ्यावर आणली, अर्धं पाऊल मागं सरकला. सरपंच हळूच म्हणाला, पुढं, बाबा, अजून पुढं. बाभूळ शंभर पावलांवर होती. मध्ये, चाळीस पावलांवर, गोजराबाईची जागा होती, काळपट पडलेली.

सहादूनं तिकडं एकदा पाहिलं. नंतर त्यानं काठी जिथं उभा होता तिथंच रोवली.

"इथं खणा," तो म्हणाला.

मोजणीदाराच्या माणसांनी खणायला घेतलं. छातीभर गाळ निघाला, त्याखाली जुनी काळी जमीन लागली. सरपंच म्हणाला, म्हाताऱ्याची नजर गेलीय, इथं काही नाही. आणखी हातभर खणल्यावर फावड्याला काळं लागलं. कोळसा. टोपलीभर कोळसा, सहादूच्या आज्यानं पुरलेला, कालच विझवल्यासारखा. मोजणीदारानं एक तुकडा उचलून बोटांत फिरवला आणि कागदावर ठिपका दिला.

अर्धा कांदा चिंचवणला गेला. सरपंचानं खिशातून ठराव काढला, सगळ्यांदेखत चार घड्या घातल्या आणि परत खिशात टाकला. "सहाद्या," तो म्हणाला, "आता जाळा तुमची मढी कुठं जाळायची ती." 'बाबा' म्हणणं तेवढ्यातच संपलं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसांनी सहादूकडं पाठ केली. लताबाईनं मान खाली घातली.

केरू पाटील हार घेऊन पुढं आला. सहादूनं हार हातानंच अडवला आणि त्याला विचारलं, ती चाळीस पावलांवरची जागा आमची जाळायची आहे. आता ती तुमच्यात आली. दोन गुंठे राहू द्याल का? केरू पाटील हसला, हार दुसऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाला, सहादू, माणूस तू खरा आहेस, पण तुमचं गाव वेगळं, आमचं वेगळं. तुमचं मढं आमच्या शिवेत कशाला?

सहादूला वाटलं, ही काठी घ्यावी आणि दोघांच्या डोक्यात घालावी. आधी ह्याच्या, मग त्याच्या. ह्याला खोटं सांगितलं असतं तर मसणवटा होता. त्याला खरं दिलं तर हार होता. दोन्हीकडून मिळत नव्हती ती साडेतीन हात जमीन. साठ वर्षांपूर्वी कोण कुठला मेर, त्यानं परक्या मुलखातल्या मोतद्दाराला आपल्या आईशेजारी निजवलं, आणि हे दोन पाटील, ह्यांच्या सात पिढ्यांच्या शिवा आपण राखल्या. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. पाणी कोणी विचारलं नाही.

मोजणीदाराचं ह्या कशाकडं लक्ष नव्हतं. त्याची माणसं कोळशावर नवा दगड उभा करत होती. दगड पक्का झाल्यावर त्यानं दोन्ही पाटलांना बोलावून समज दिली, की ह्या दगडाभोवती चारी बाजूंनी पाच-पाच फूट मोकळं ठेवायचं. नांगर लावायचा नाही, कांदा लावायचा नाही. दगड सरकारी आहे, ही जागा ह्या गावाची नाही आणि त्याही गावाची नाही. दोघांनी माना डोलावल्या आणि कागदावर सह्या केल्या. मग त्यानं कागद पुढं केला आणि सहादूला विचारलं, नाव काय लिहू? जात?

"सहादू," सहादू म्हणाला. "एवढंच लिवा. शीव दाखवणारा."

मोजणीदारानं त्याच्याकडं पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. सहादूनं अंगठा न उठवता सही केली, देवळालीच्या छावणीत शिकलेली, वाकडीतिकडी. मग तो वळला. दोन्ही गावं घरी निघायच्या बेतात होती.

"थांबा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. "ही जागा ह्या गावाची नाय आन् त्या गावाची नाय, सायबांनी आत्ता सांगितलं. दोन्ही पाटलांनी मान डोलवलीय, कागदावर सह्या हायेत. मंग ऐका. मी मेलो का मला हितं जाळायचं. ह्या दगडाला टेकवून. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. कोणच्या गावाला शिवलो, ते मंग दोघं पाटील मिळून साखळी धरून मोजा."

सावळीराम पाटलानं मोजणीदाराकडं पाहिलं, केरू पाटलानंही पाहिलं. मोजणीदार साखळी गुंडाळत होता. नांगर लावायचा नाही, एवढंच त्याच्या नियमात होतं. जाळण्याबद्दल नियम काही म्हणत नव्हता.

लताबाई माणसांतून पुढं आली. सासऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. वहाणा काढून ती दगडापाशी गेली, दगडाला टाच लावली आणि टाचेला पाऊल जोडत एका बाजूला चालली, मग परत येऊन दुसऱ्या बाजूला. वर्गातली पोरं मोजत असल्यासारखी ती मनात मोजत होती. लांबी झाली, मग तिनं रुंदीही मोजली. मग ती सरळ उभी राहिली आणि पदर खोचला.

"पुरंल, मामा," ती म्हणाली. "तुम्हाला पुरंल. मलाबी पुरंल."

मग बौद्धवाड्यातला एक एक माणूस पुढं येऊन त्या चौकोनात उभा राहायला लागला.